पाचवी रांग

माणसाचं भवितव्य समुद्र घडवतो, असं मी सांगलीच्या कॉलेजात भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. फिनिशियन म्हणा, ग्रीक म्हणा, रोमन म्हणा, सगळ्यांना त्या एका भूमध्य समुद्राने घडवलं. पुढे त्याच समुद्राच्या काठी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, माझ्या लक्षात आलं की यात समुद्राचा फारसा हात नसतो. बसचा दरवाजा कुठे आहे यावर पुष्कळ गोष्टी ठरतात.

"आज 'कळवतो' म्हणायचं नाही," कुमुदमावशी म्हणाली.

आम्ही बोटीच्या जिन्याशी उभे होतो. सकाळचं ऊन होतं, इटलीतलं कुठलंसं बंदर होतं, आणि पाणी इतकं निळं होतं की मला माझ्या वर्गातल्या नकाशाचा रंग खोटा वाटत असे त्याबद्दल नकाशाची क्षमा मागावीशी वाटली.

"हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण संध्याकाळी बोट सुटायच्या आत म्हण. हे शेवटचं स्थळ. यापुढे मी मध्ये पडणार नाही. मग तू आहेस आणि तुझा तो पृथ्वीचा गोल आहे."

मावशीचा राग समजण्यासारखा होता. मी कुठल्याही मुलीला कधी नाही म्हटलं नव्हतं. पोहे खाऊन, चहा पिऊन, दारात चपला घालताना मी अतिशय सौजन्याने "कळवतो" म्हणत असे आणि नंतर काहीच कळवत नसे. त्यांतल्या बहुतेक मुलींची आता मुलं दहावीला बसली होती. आई गेल्यावर मावशीने मला वाढवलं. ती शाळेत गणित शिकवायची. न सुटलेलं गणित घरात ठेवून मरायची तिची तयारी नव्हती.

म्हणून ही सहल होती. नाशिकच्या बेहेरेकाकू आपल्या मुलीला घेऊन या बोटीने जाणार आहेत असं कळल्यावर मावशीने आमचीही नावं घातली. भेट योगायोगाने व्हायला हवी होती, आणि या योगायोगाची तयारी चार महिने चालली होती. मुलीचं नाव चारुलता. शिकलेली, स्वतःचा व्यवसाय असलेली. यापुढचं मावशी सांगत होती तेव्हा मी पेपर वाचत होतो.

"तिला ओळखायचं कसं?" मी विचारलं. तोवरचे दिवस मी बोट लागून केबिनमध्येच पडून होतो.

"ओळखायची गरज नाही. पाचव्या रांगेत बस. शेजारी येईल ती."

हे नीट समजायला आमच्या ग्रुपची बस समजायला हवी. मराठी माणूस परदेशात जातो तेव्हा देश कुठलाही असो, बसमधली पुढची सीट हा त्याच्या स्वाभिमानाचा प्रश्न असतो. त्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून सहलींत एक नियम असतो. रोज सकाळी प्रत्येकाने दोन रांगा पुढे सरकायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आमचे टूर मॅनेजर गुप्ते बाकी सगळ्या बाबतींत मवाळ होते, या नियमाच्या बाबतीत नव्हते. ते पिवळी छत्री उंच धरून चालत आणि रांगांचा हिशेब तोंडपाठ ठेवत. मावशीने पहिल्याच दिवशी कागदाशिवाय गणित मांडलं होतं. या दिवशी, या गावी, पाचव्या रांगेत, मी आणि बेहेऱ्यांची चारुलता.

"नाव विचारत बसू नकोस," ती म्हणाली. "ते माहीत असल्यासारखं वाग. आणि विषय काढू नकोस. नुसतं बोल."

मग तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या त्या.

"दोन तुझ्या, दोन तिच्या. घाटाचा रस्ता आहे. तिलाही लागतो म्हणे घाट."

"एक पुरे ना?"

"गणित कुणी शिकवलंय आयुष्यभर? तू की मी?"

मी दोन घेतल्या आणि पट्टी खिशात टाकली.

खाली बसपाशी थोडी गडबड चालली होती. त्या दिवशीच्या बसला पुढे दरवाजा नव्हता, मध्ये होता. गुप्ते छत्री टेकून विचार करत होते आणि कोल्हापूरचे एक गृहस्थ त्यांना कायदा समजावत होते. मी त्यात पडलो नाही. मावशीच्या मानेला पट्टा होता, त्यामुळे तिला एकदम पुढे बसवलं आणि तिच्या शेजारी बेहेरेकाकूंना. पट्ट्यामुळे मावशीला मागे वळून बघता येत नव्हतं. बेहेरेकाकूंना येत होतं, पण मुलं संकोचतात म्हणून त्या बघणार नव्हत्या. मी समोरून पाच रांगा मोजल्या आणि बसलो.

खिडकीशी ती होती. फिकट हिरवा कुर्ता, त्याला दोन्हीकडे खिसे. केसांत थोडे पांढरे, ते लपवण्याची खटपट नाही. मागच्या सीटवर नऊवारी, स्वेटर आणि पांढरे बूट अशा वेशात एक म्हातारी. हिने मागे वळून विचारलं, "आई, पाणी देऊ?" म्हातारीने मान हलवली. म्हणजे बेहेरेकाकू ह्या, असं माझ्या मनाने घेतलं. पुढे मावशीच्या शेजारी कोण, हा प्रश्न त्या मनाला पडला नाही. ते बिचारं दोन गोळ्यांखाली होतं.

"गोळी घेणार?" मी म्हणालो. तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"कसली?"

"घाटाची."

"किती?"

"दोन."

तिने हात पुढे केला आणि घेतल्या. एका बाईने माझं इतक्या पटकन ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. पट्टीतली आणखी एक मागच्या म्हातारीलाही दिली. ती म्हातारीने तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

बस निघाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि वळणं. मी वर्गात सांगायचो, भूमध्य हवामानात उन्हाळा कोरडा, हिवाळ्यात पाऊस, पिकं ऑलिव्ह, द्राक्षं आणि लिंबू. ते सगळं खिडकीबाहेर एकामागून एक हजर होत होतं, हजेरी दिल्यासारखं. मी तिला सांगितलं.

"म्हणजे तुम्ही हे न बघताच शिकवत होतात?"

"होय."

"आणि बरोबर निघालं?"

"आतापर्यंत तरी."

"बरं आहे," ती म्हणाली. "आम्हाला माप घेतल्याशिवाय कापड कापता येत नाही."

तिचा आणि आईंचा शिवणाचा व्यवसाय होता. शाळांचे गणवेश. तालुक्यातल्या निम्म्या शाळांची पोरं तिच्या हातच्या चड्ड्या फाडून मोठी झाली होती. माणूस दिसला की आधी तिला त्याचे खांदे दिसत, चेहरा मागून.

"तुमचा उजवा खांदा उतरता आहे," ती म्हणाली.

"फळ्यावर लिहून."

"नाही. जन्मतःच असणार. तयार शर्ट तुम्हाला कधी बसला नसेल."

खरं होतं. कुठलाच बसला नव्हता. कापड दुकानदाराने, शिंप्याने, मावशीने, कुणीच आजवर कारण सांगितलं नव्हतं.

पहिलं गाव कुठल्याशा संताच्या नावाचं होतं. नाव मी विसरलो. इतकं आठवतं की घरं उंच, अरुंद, एकमेकांना टेकून उभी होती, पिवळी, गुलाबी, विटकरी. त्यांच्यामधून दोरीवर कपडे वाळत होते आणि ते कपडे हलले की सावल्या रस्त्यावरून चालत जात. दुपारची झोप सुरू झालेली. झडपा मिटलेल्या. एका उंबरठ्यावर मांजर होतं, ते आम्हाला बघून उठलं नाही. आमचा ग्रुप गुप्त्यांच्या छत्रीमागे एका गल्लीत वळला आणि आम्ही दुसऱ्या. हे मुद्दाम झालं नाही. आम्ही फक्त हळू चालत होतो. पाय कापसाचे झाल्यासारखे वाटत होते आणि त्यांना कसली घाई नव्हती.

म्हातारी मागून येत होती आणि सावली दिसली की टेकत होती. मावशी आणि पुढच्या बाई बसमधून उतरल्याच नाहीत. त्यांनी इतिहास काचेतून पाहिला.

एका वळणावर गल्ली संपली आणि समोर एकदम समुद्र आला, कुणीतरी दार उघडल्यासारखा. खाली मासेमारीच्या होड्या. एक माणूस जाळं दुरुस्त करत होता, आणि सुई घातली की बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या बाजूने निघत होती. निदान मला तरी तसं दिसत होतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. अशा कार्यक्रमांत बोलायचे माझे प्रश्न ठरलेले होते. त्यांतला पहिला मी विचारला.

"तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, अगदी सावकाश, एखादं भांडं काठोकाठ भरून सांडावं तसं.

"चुकलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"मग? आहे का?"

तिने विचार केला. खरोखर केला. जाळ्याची सुई एकदा जाऊन परत आली.

"नाही," ती म्हणाली. "बघा. नाहीच आहे."

ते बोलून ती इतकी मोकळी दिसली की मी ज्या चार-दोन गुणांची अपेक्षा धरून होतो ते सगळे गुण मला एकदम निरुपयोगी वाटले.

"आणखी काय विचारता तुम्ही?" तिने विचारलं.

"छंद कोणते. एकत्र कुटुंबात राहायला आवडेल का. देवधर्म किती."

"विचारा ना. सगळं विचारा."

मी विचारलं. ती प्रत्येक उत्तर उन्हात धरून बघावं तसं बघून देत होती. छंद नाही, वेळच झाला नाही. पण पोहायला शिकायचं होतं. एकत्र कुटुंबात राहिली होती, माणसं बरी होती, न्हाणीघर एक होतं. देव आहे, पण त्याचं माप तिला घेता आलेलं नाही.

"आता मी विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला कुणाची भीती वाटते?"

असा प्रश्न कार्यक्रमात नसतो. एरवी मी भारतीय पर्जन्यमानाकडे वळलो असतो.

"हो म्हणायची," मी म्हणालो.

कठड्यावर ठेवलेला हात तिने थोडा उन्हातून सावलीत घेतला, माझ्या बाजूला.

दुसरं गाव डोंगरावर होतं. तेही एका संताचंच. त्या किनाऱ्याला संतांची टंचाई नव्हती. वर एक जुनं उघडं नाट्यगृह होतं, गवत उगवलेल्या दगडी पायऱ्यांचं अर्धवर्तुळ आणि रंगमंचाच्या जागी नुसता समुद्र. गुप्ते खाली मधोमध उभे राहिले.

"दोन हजार वर्षांपूर्वी इथे रोमन लोक बसायचे," ते म्हणाले. "आता आपण बसू."

सगळे बसले. थोड्या वेळाने ग्रुपमधले बरेचसे पेंगत होते. जेवण जड झालं होतं, दगड उबदार होते. म्हातारी आमच्या मागच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकली होती. मधमाश्यांचा आवाज येत होता, की समुद्राचा, ते वेगळं करता येत नव्हतं. दूरवर आमची बोट बंदरात उभी होती, पांढरी, खेळण्याएवढी. ती आमची आहे हे मला फक्त माहीत होतं, पटत नव्हतं.

"आपण परत गेलोच नाही तर काय होईल?" तिने विचारलं.

"बोट सुटेल."

"मग?"

"मग गुप्ते येतील. छत्री घेऊन."

"आणि आपण इथे नाहीच असं म्हटलं तर?"

"ते रांगा मोजतील."

ती हसली, आणि हसता हसता तिचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर आलं. मी हललो नाही. इतका वेळ न हलता मी फक्त क्ष-किरणासाठी बसलो होतो.

"उतरत्या खांद्यावर डोकं बरं बसतं," ती अर्धवट झोपेत म्हणाली.

मी समुद्राकडे बघत होतो आणि मनातल्या मनात एक शब्द उच्चारून बघत होतो. छोटा शब्द होता. एका अक्षराचा. आयुष्यात पहिल्यांदाच तो घशात अडकला नाही.

बंदरावर परत आलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बोटीच्या जिन्यापाशी माणसांची रांग लागली होती. मावशी बाजूला उभी होती, शेजारी त्या पुढच्या सीटवरच्या बाई.

"काय?" मावशी म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

मावशीला पट्ट्यामुळे मान वळवता येत नव्हती, म्हणून ती अख्खी वळली.

"परत म्हण."

"हो."

तिचे डोळे भरून आले. गणिताच्या शिक्षिकेचे डोळे भरून येतात तेव्हा तेही नेमकेच येतात, एक थेंब इकडे, एक तिकडे. शेजारच्या बाईंनी पर्समधून पेढ्यांचा डबा काढला. तो त्यांनी नाशिकहून आणला होता, योगायोगाची आणखी एक तयारी. त्यांनी अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि मागे बघून हाक मारली, "चारू, इकडे ये गं."

गर्दीतून एक उंच, टोपी घातलेली, गळ्यात दुर्बीण अडकवलेली बाई आली. मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"यांचा होकार आहे," बेहेरेकाकू म्हणाल्या.

"कशाला?" ती म्हणाली.

मला बोलायचं होतं, पण पेढा मोठा होता.

"अगं कशाला काय? दिवसभर बोललात ना दोघं?"

"मी यांना आत्ता बघतेय, आई. मी दरवाजामागच्या पाचव्या रांगेत होते. माझ्या शेजारी कोल्हापूरचे कुणी होते, ते जाता-येता घोरत होते. मी समुद्री पक्षी बघितले. इतका शांत दिवस मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता." मग ती माझ्याकडे वळली आणि समजुतीने म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी बोट सुटायच्या आत 'नाही' सांगणारच होते. तोवर उत्तर देईन असं आईला कबूल केलं होतं."

मावशीने गुप्त्यांना बोलावलं. ज्या स्वरात बोलावलं त्या स्वरात तिने एके काळी हेडमास्तरांना बोलावलं असेल.

"पाचवी रांग," ती म्हणाली.

"दरवाजापासून पाचवी, ताई," गुप्ते म्हणाले. "नियमच आहे. पहिली रांग म्हणजे दरवाजाजवळची. आज दरवाजा मध्ये, म्हणून पहिली रांग मध्ये. सगळे त्याप्रमाणे बसले. हे सर तेवढे पुढून मोजून बसले. म्हटलं प्राध्यापक आहेत, कशाला बोला."

मावशीने डोळे मिटले. तिचं गणित बरोबर होतं. बस चुकली होती.

"मग तू हो कुणाला म्हणालास?"

पेढा एव्हाना उतरला होता. "माहीत नाही," मी म्हणालो.

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही. तूच म्हणालीस विचारू नकोस."

बोटीने भोंगा दिला. रांग जिन्यावर चढायला लागली. इथे एरवीचा मी असतो, तर चष्मा पुसला असता, सगळ्यांना एकत्रित "कळवतो" म्हणालो असतो आणि केबिनमध्ये जाऊन पडलो असतो. पण मला अजून सगळं मऊ, लांब आणि सोपं दिसत होतं. मी रांग मोडून पुढे गेलो. मराठी ग्रुपमधली रांग. मागून चार जणांनी माझं शिक्षण काढलं.

ती जिन्याच्या पायथ्याशी होती, म्हातारीचा हात धरून.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"आत्ता इचारत्यात," म्हातारी समुद्राला म्हणाली.

"ऊर्मिला शेटे. साताऱ्याची." तिने म्हातारीकडे बघितलं. "ह्या माझ्या सासूबाई."

मी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. आई म्हणून हाक कुणाकुणाला मारतात हे मला माहीत होतं. भूगोलात ते येत नाही एवढंच.

"म्हणजे तुमचे यजमान..."

"जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

"तुम्हाला कळलं होतं? की मी तुम्हाला दुसरीच कुणीतरी समजतोय?"

"स्वयंपाकाचं विचारलंत तेव्हा कळलं," ती म्हणाली. "मला कोण विचारणार आवड आहे का म्हणून? करते हे धरूनच चालतात. म्हटलं, हे बघायला आलेत कुणालातरी. माझं लग्न मामांनी परस्पर ठरवलं. मला बघायला असं कुणी आलंच नव्हतं. वाटलं, एक दिवस येऊ देत. नाव विचारलं असतंत तर सांगणार होते. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

"फसवलंत तुम्ही मला."

"हो," ती म्हणाली. "थोडं."

"मग मी आता रीतसर विचारतो. लग्न कराल का माझ्याशी?"

जिन्यावरचा खलाशी हातवारे करून सगळ्यांना वर बोलावत होता. रांग आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. ऊर्मिला सासूकडे बघत राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा झोपाळलेला नव्हता. घाबरलेला होता.

"माझ्याकडं काय बघतीस?" म्हातारी म्हणाली. "मी काय झोपले नव्हते. गोळी मी तवाच थुकली रुमालात. त्या दगडाच्या पायऱ्यांवर पन जागीच हुते. समदं ऐकलंय." मग तिने मला वरपासून खालपर्यंत मापलं, आयुष्यभराच्या सवयीने. "मानूस बरा हाय. खांदा तेवढा उतरता. त्याला पॅड लावता येतंय."

"आई."

"काय आई? तू आली तवा एकोनीस वर्षांची हुतीस. माझ्या पोरामागं तुला मशिनीपाशी बसवून ठेवली ती मीच. आता मी बसंन मशिनीवर. तू बोल काय ते."

ऊर्मिलाने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. जाळ्याची सुई इकडून तिकडे जाईल इतका वेळ.

"कळवते," ती म्हणाली.

आणि जिना चढून गेली.

मी तिथेच उभा होतो तेव्हा मावशी येऊन पोचली, पट्ट्यासकट. तिने वर जाणाऱ्या हिरव्या कुर्त्याकडे बघितलं, नऊवारीखालच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं.

"शेटे म्हणजे कुठले शेटे?" तिने विचारलं.

"साताऱ्याचे."

"ते नव्हे विचारत मी." मग तिने मानेचा पट्टा नीट केला. "जाऊ दे. होकार आला का?"

"कळवते म्हणाली."

मावशीला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. मानेला त्रास होईल इतकं.

बोटीवरच्या उरलेल्या दिवसांत ऊर्मिला लांबून मान हलवायची, जवळ यायची नाही. मी केबिनमध्ये पडून 'कळवतो' या शब्दाची दुसरी बाजू शिकलो. ज्यांना ज्यांना मी तो शब्द देऊन घरी गेलो होतो त्या सगळ्या मला रोज आठवत होत्या.

दसऱ्याच्या सुमारास कॉलेजच्या ऑफिसात मला फोन आला.

"तुमची कॉलर किती?" पलीकडून ऊर्मिला म्हणाली.

"का?"

"लग्नातला शर्ट मी शिवणार. आई म्हणतात, बाहेरचा बसणार नाही."

ती मशिनीसकट आणि सासूसकट सांगलीला आली. सासूबाई आता नव्वदीच्या घरात आहेत आणि मी घरातून बाहेर पडताना माझा खांदा अजूनही बघतात. मावशी शेटे म्हणजे कोण ते विसरली. स्वयंपाक मी शिकलो. भूमध्य हवामान शिकवताना मी आता मध्येच थोडा थांबतो, आणि मुलांना वाटतं, सरांना पुढचं आठवत नाही.

गेल्या वर्षी आम्ही अलिबागला जायचं ठरवलं, मुंबईहून लाँचने. ऊर्मिलाला लाँच लागेल, म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. मी तीच गोळी मागितली, नाव मला पाठ होतं.

"किती घ्यायच्या आठवतंय ना सर?" दुकानदार म्हणाला. "एकच. अर्धी घेतली तरी चालेल."

"आम्ही मागे दोन-दोन घेतल्या होत्या."

त्याने वर बघितलं. "दोन कुणी दिल्या? दोन घेतल्या की माणसाची भीड मेली म्हणून समजा. दिवसभर काहीही बोलतो, काहीही कबूल करतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने तशातच प्लॉट विकला."

ऊर्मिला माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. घरी येऊन मावशीला फोन लावला. तिला आता कमी ऐकू येतं, पण हे पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

"डॉक्टरांनी एकच सांगितली होती," ती म्हणाली. "पण एका गोळीवर तू 'कळवतो'च म्हणाला असतास."

अलिबागला आम्ही एसटीने गेलो.